आधी डोळे, मग पाय

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मानेला पट्टा बांधून शिवतेस, हे तुझ्या सुनेनं फोनवर सांगितलं. तू कशाला सांगशील! उभ्याउभ्या दोन घास कोंबायचे नि पुन्हा मशीनवर बसायचं, हे आता बंद. रोज एक वाजता शटर अर्धं खाली, आणि बसून जेवण. आठवड्यातून एक गोष्ट निव्वळ स्वतःसाठी. मी बघ, शाळेची बस लावून आले की ऊन पाण्यात पाय सोडून बसते. शेजारीण विचारते, पाय शिजवताय का? शिजू देत. दिवसभर ब्रेक दाबणारे तेच आहेत.

लोभ आहे, तो वाढव.
तुझी,
बिट्टी

१९ मार्च

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं. पहिल्याच दिवशी वकिलीणबाई शटरखालून वाकून कोट मागू लागल्या. भरल्या तोंडानं सांगितलं, शिंपीण जेवते आहे. आभाळ कोसळलं नाही. शिवाय पोहायला जाते. शिकवणारी म्हणते, पाण्याशी भांडू नका.

आता तुझं. तुझी शेवटची तीन पत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ओळी उतरणीला लागल्यात, अक्षरं वाटाण्याएवढी झालीत. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवते आहे, डोळ्यांचं दुखणं मला कळतं. तुझ्या मागे पस्तीस पोरं बसतात, बिट्टी. पाय नंतर शिजव, आधी डोळे दाखव. रागावलीस तरी चालेल.

माया आहेच, उत्तर धाड.
तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी स्वतःशी कबूल केलं की गेले कित्येक महिने संध्याकाळच्या फेऱ्या गुडघ्याचं निमित्त करून मी दुसऱ्यांच्या गळ्यात मारत होते. समोरून दिवे आले की सगळं फुटल्यासारखं दिसायचं. डॉक्टरकडे जायच्या आधीच मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर बसची किल्ली ठेवली. वाटलं, गेली नोकरी. त्यांनी एवढंच विचारलं, परत कधी येणार?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा बारा तारखेला, डावा महिन्यानं. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. त्यांचं काय जातं! भीती वाटते आहे, ताई. पण तू येऊ नकोस, तुझी कामं पडलीत.

तुझी,
बिट्टी

६ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

म्हणे येऊ नकोस! दुकानाच्या दारावर कागद चिकटवला आहे. दहा तारखेला पोचते. वकिलीणबाईंना सांगितलं, कोट थांबेल, बहीण थांबणार नाही. उशी मऊ ठेव, माझी मान अजून कुरकुरते.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी दाखला दिला. सोमवारी बस पुन्हा हातात. संध्याकाळची फेरीसुद्धा मागून घेतली आहे.

एक गोष्ट तेव्हा बोलले नाही. पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा समोर तू होतीस. कसं दिसतंय म्हणून डॉक्टरांनी विचारलं, मी छान म्हणाले. खरं तर मी तुझ्याकडेच बघत होते. तुझे सगळे केस पिकलेत, ताई, आणि मला पत्ताच नव्हता. दोन वर्षं मी तुला भेटत होते, पाहत नव्हते.

सुट्टी लागली की आठ दिवस येते. कामं काढून ठेवू नकोस. नुसती समोर बसून तुला बघणार आहे.

तुझा लोभ कधी आटला नाही, तसाच राहू दे.
तुझी,
बिट्टी