सिनेमातले बाबा

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय ऋषी,

तुझा सिनेमा पहिल्याच आठवड्यात पाहिला, बाबांना सोबत घेऊन. त्यानंतर तुझे दोनतीन मेसेज आले, 'नंदू, कसा वाटला गं?' आणि मी गप्प बसले. मोबाइलवर लिहायला गेले की चार शब्दांत सगळं खोटंच वाटायचं. म्हणून आज कागद घेतला.

सिनेमा चांगला झालाय. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं तू रागानं लिहिलेलं म्हणून वाचशील. दोन वर्षांपूर्वी तू घरी येऊन बाबांना विचारलं होतंस, सोनिकावरून सुचलेली गोष्ट आहे काका, नावंगावं बदलीन, करू का? बाबा म्हणाले होते, "कर गा. तेवढीच पोरीची आठवण राहीन." शेवट काय करणार ते तू सांगितलं नाहीस, आणि आम्हीही विचारलं नाही. आपल्या गोष्टीला शेवटच नाही, तर विचारायचं तरी काय?

तुझी सुरुवात अजून डोळ्यांपुढून हलत नाही. रिकामा रस्ता, स्टँडवर नीट लावलेली स्कूटी, आरशाला अडकवलेलं हेल्मेट, आणि दूरदूरपर्यंत कोणी नाही. अख्खी टॉकीज चिडीचूप झाली. मला मात्र खरी सकाळ आठवत होती. मिहानकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तेव्हा ही गर्दी होती. उसाच्या रसाची गाडी होती, ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि एक हवालदार बाबांना सांगत होता की तुमची गाडी बाजूला घ्या, रस्ता जाम होतोय. स्कूटीच्या डिक्कीत सोनिकाचा डबा होता, भाजी अजून कोमट होती. इतक्या माणसांमधून माझी बहीण गेली आणि कोणाला दिसली नाही. तू ती माणसं पुसून टाकलीस. भीती दाखवायची तर रस्ता मोकळा करावाच लागत असेल. मला मात्र आजही भरल्या रस्त्याचीच भीती वाटते.

मग तू तिचे मागचे दिवस दाखवलेस, आणि इंटरवलनंतर एकेक माणूस आमच्यापुढे आणलास. आधी तिचा कंपनीतला साहेब, मग तो अबोल ऑटोवाला, मग तिचा मित्र. प्रत्येक वेळी तू कॅमेरा त्याच्या हातांवर नेलास, त्याला अर्धवट अंधारात उभं केलंस, आणि टॉकीजमध्ये कुजबुज झाली, हाच! आणि प्रत्येक वेळी तू त्याला सोडवलंस. मागच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ज्याच्यावर शक येत नाही ना, तोच राहते शेवटी. तो बाप पाहा." तिला तुझ्या गोष्टीची रीत माझ्याआधी कळली. मी बाबांच्या शेजारी बसून शेवटपर्यंत वाट पाहत होते की तू काही वेगळं करशील.

अंगणातल्या नळावर तो बाप पाठमोरा हात धुतो. कोपरापर्यंत, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून पाणी काढत. मग तो वळतो आणि सगळ्यांना सगळं कळतं. ऋषी, बाबा तसेच हात धुतात. कळमन्याला अडतीवर आयुष्य गेलं, धान्याची धूळ कोपरापर्यंत चढायची, म्हणून. लहानपणी तू आमच्याच अंगणात खेळायचास, तेव्हाच तू ते टिपून ठेवलं असणार. त्या क्षणी बाबांकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. परत येताना ऑटोत ते एवढंच बोलले, "नळ बराबर दाखवला."

तुला आठवतं ना, सोनिकाला शेवटचा फोन तुझा होता म्हणून पोलिसांनी तुला उचलून नेलं होतं? तुझ्या घरचे वकील शोधत फिरत होते आणि बाबा जाऊन ठाण्याच्या बाकड्यावर बसले. ज्यांची मुलगी हरवली त्यांनीच बसावं, याचं ठाण्यातल्या साहेबालाही नवल वाटलं. बाबा त्याला म्हणाले, "हा पोरगा आमच्या घरचा आहे. याले सोडल्याबिगर मी उठत नाही." तुझ्या सिनेमात तिच्या मित्राला कोण सोडवतं? एक हुशार इन्स्पेक्टर. ठाण्यातला बाप तू कापलास, आणि का कापलास ते मला कळतं. तो ठेवला असता तर पुढे त्याला खुनी करता आलं नसतं.

गल्लीत काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. शेजारची अदिती रोज संध्याकाळी बाबांजवळ ओट्यावर येऊन बसायची. बाबा संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढून तिला द्यायचे. सिनेमा लागल्यापासून तिची आई तिला दारातूनच हाक मारून परत नेते. ती बाई वाईट नाही. माझ्याशी बोलते, डब्यातून कढीही पाठवते. फक्त पोरीला बोलावून घेते. बाबा एकदोनदा सोललेलं संत्रं हातात धरून बसले. मग त्यांनी ओट्यावर बसणंच सोडलं.

पण अदितीच्या आईला मी कोणत्या तोंडानं बोलू? मीही तीच झालेय. तुझ्या सिनेमानंतर या घरात मला बाबा दिसेनासे झाले, दिसतो तो फक्त सिनेमातला बाप. ते नळावर गेले की मी स्वयंपाकघरातून पाठमोरे बाबा पाहत राहते, ते वळेपर्यंत. सोनिकाच्या खोलीला ते कुलूप लावतात. आई होती तेव्हापासून लावतात, मला चांगलं माहीत आहे, आत जाऊन ती रडत बसायची म्हणून. तरी परवा त्या कुलपाकडे बघताना वाटलं, आत काय आहे? माझ्याच घरात, माझ्याच बापाबद्दल. भूत मेलेल्या माणसाचं होतं असं ऐकलं होतं. आमच्या घरात जिवंत माणसाचं झालंय.

त्यातच बाबा दुपारचे बाहेर जायला लागले. धुतलेला सदरा घालायचे, "कळमन्याले जाऊन येतो वं," म्हणायचे. अडत सोडून त्यांना केवढा काळ झाला! मी कवडूकाकांना फोन केला. ते बाबांच्या अडतीवरचे जुने भागीदार, अजून तिथेच बसतात. म्हणाले, "भाऊ तं इकडे कईचे फिरकले नाहीत. काहून, काही झालं का?" मी काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं बोलणारा बाप, बंद खोली, उत्तर न देणारी दुपार. तुझ्या सिनेमातली बहीण पुढे जे करते तेच मी केलं. बुधवारी मी त्यांच्या मागे निघाले.

ते ऑटोनं बर्डीला उतरले. मी दुसऱ्या ऑटोतून. गर्दीत त्यांची टोपी हरवायची, पुन्हा सापडायची. ते कुठे वळतील याची मला इतकी धास्ती होती की शेवटी ते टॉकीजच्या पायऱ्या चढले तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. वर तुझं पोस्टर होतं. तिकीट काढून मी शेवटच्या रांगेत बसले. टॉकीज जवळजवळ रिकामी होती. पुढे एकटे बाबा. सोनिका झालेली ती मुलगी पडद्यावर आली, आणि बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले, एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाला आलेल्या बापासारखे. तिने आईच्या पदराला हात पुसले तेव्हा ते हसले. स्कूटी सुरू होईना म्हणून ती किक मारमारून दमते, तेव्हा त्यांनी मान हलवली. इंटरवल झाला, दिवे लागले, आणि बाबा उठून बाहेर निघून गेले.

मी बाहेर आले तर ते फुटपाथवर फल्लीदाणे घेऊन उभे होते. मला पाहून दचकले नाहीत. "तू काहून आली वं?" मी विचारलं, बाबा, पुढचं नाही पाहायचं? ते म्हणाले, "पुढे सोनी नाही राहत न." मग दाणे माझ्या हातावर ठेवत बोलत राहिले, जणू आम्ही रोजच असे भेटतो. "त्या पोरीले बराबर सोनीसारखं हसता येते. ऋषीनं ध्यानात ठेवलं सगळं. मी तं विसरून राहिलो होतो, नंदू. चेहरा येते डोळ्यापुढे, पण चाल नव्हती येत. इथं चालते." मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, त्यानं तुम्हाला खुनी केलं. ते म्हणाले, "कोणाले तरी करावंच लागते. नाहीतं लोकं घरी कसे जातीन? आपण नाहीच गेलो न अजून घरी."

मी तिथेच भर रस्त्यात त्यांचा हात धरला. मी त्यांच्या नाही, सिनेमातल्या बापाच्या मागे आले होते, ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असावं. परतीच्या ऑटोत त्यांनी हात सोडला नाही.

तर ऋषी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. जिला मारायचं तिच्यावर आधी लोकांचा जीव जडवावा लागतो, ही तुमच्या धंद्याची रीत तू मन लावून पाळलीस. त्या रीतीपायी बाबांना त्यांची मुलगी इंटरवलपर्यंत परत मिळाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही, करीन की नाही माहीत नाही. पण गुरुवारी सिनेमा टॉकीजमधून उतरतोय, आणि काल जेवताना बाबा अडखळत म्हणाले, "ऋषीले विचारून पाह्य न, तेवढा तुकडा देते का." त्यासाठी लिहितेय. पहिला भाग दे. तू काढून टाकलेलं काही असेल, ती नुसती बसली आहे, केस विंचरते आहे, काहीच घडत नाही आहे, तेही दे. आणि एक कर. ती हसते तेव्हा तू खाली एक बारीक घुमणारा सूर ठेवला आहेस, हिचं आता काही खरं नाही हे सांगणारा. तो सूर काढून टाक. बाबांना ती नुसती हसताना ऐकू दे.

तुझीच, शेजारच्या अंगणातली,
नंदिनी