शेवटचं कोण?

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मधेच ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलायला लागतोस, म्हणून हे पत्र. पत्राला हं म्हणता येत नाही.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसात. पावणेआठपर्यंत माणूस आला नाही की मशीन पुढच्याला देतात. त्यांनाही बोल लावता येत नाही, बाहेर बाकावर माणसं ताटकळत असतात. मी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत, तेव्हा आम्ही दोघं सहा-पन्नासच्या बसनं जातो. ती भरली की दार लागतं, आणि पुढची साडेसातला. म्हणून सव्वासहालाच थांब्यावर हजर व्हावं लागतं. टॅक्सीचं नाव काढलं तर म्हणतात, टॅक्सी आजारी माणसानं करावी. एकतीस वर्षं कंडक्टर होते, काय बोलणार?

आपल्या थांब्याची रीत तुला आठवत असेलच. उभं कुणी राहत नाही. येणाऱ्यानं विचारायचं, शेवटचं कोण? ज्याचा नंबर शेवटचा तो हात वर करतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि बंद स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर निवांत टेकायचं. बस आली की ज्यानं त्यानं आपल्या पुढच्याच्या मागून चढायचं. बाबांना बसून मिळतं, आणि नंबरही त्यांचा हक्काचा असतो. नाहीतर कुणी उपकार म्हणून पुढे घालतो म्हटलं की ते चिडतात, तुला माहीत आहे.

पण पलीकडे नव्या इमारती झाल्या, आणि तिथली माणसं ना विचारतात ना बघतात. बस दिसली की सरळ दाराला भिडतात. एक बाई आहे, टाचांच्या चपला टकटक वाजवत येते, मी तिचं नाव टकटकच ठेवलंय. परवा तिचं कोपर बाबांच्या डाव्या हातावर बसलं, सुया टोचतात त्याच हातावर. संध्याकाळपर्यंत हात टरारून सुजला. तिला पत्ताही नाही.

तू थांब्यांच्याच विभागात साहेब झालास ना? मग खुर्ची उबवण्यापलीकडे काहीतरी कर. दिवसभर चादरींच्या घड्या घालून माझ्या अंगात भांडायचं त्राण उरत नाही.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती कळवत जा म्हणजे झालं.

तुझी,
ताई


१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि खरं सांगतो, लाज वाटली. जगाचे थांबे सुधारतोय आणि बापाचा हात सुजतोय.

आपला थांबा मी या महिन्याच्या यादीत घातला. दोन सह्यांचं काम, एक माझी आणि एक माझ्या साहेबांची. थांब्याला लोखंडी पाइपांची रांग बसेल, एकाच माणसाच्या रुंदीची. मधे घुसायला जागाच नाही. वर पाटी: रांगेतच उभे राहा. आता टकटकबाई काय बारा कोपरं घेऊन आल्या तरी काही करू शकणार नाहीत. पायरीवर बसून हात वर करणं शाळेत ठीक होतं गं, आता गाव वाढलं.

बाबांना आधी सांगू नकोस. एकदम बघू देत.

रागाव, पण विसरू नकोस.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाइप बसले. पहिल्या दिवशी बाबा त्यांवरून हात फिरवत उभे होते. हे आमच्या धाकट्याचं काम, असं आपल्याच बसनं जाणाऱ्या कंपाउंडरला तीनदा सांगितलं. तो बिचारा तिन्ही वेळा वा म्हणाला.

आता पुढचं ऐक. पाइपात उभंच राहावं लागतं, पस्तीस मिनिटं. पाच फेब्रुवारीच्या बुधवारी बाबांचे पाय लटपटायला लागले. ते पाइपाखालून वाकून बाहेर आले आणि पायरीवर टेकले. बस आली तेव्हा रांग पुढे सरकली होती. लोकांनी जागा करून दिली, अगदी टकटकसुद्धा मागे सरकली. पण बाबा घेतील तर ना! रांगेतून बाहेर पडला त्याचा नंबर गेला, हे मीच लोकांना जन्मभर सांगत आलो, असं म्हणून ते शेवटी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे. आमच्या नाकासमोर दार लागलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी पोचलो. मशीनवर दुसराच कुणी झोपला होता.

पायरीवरचं बसणं चालायचं, कारण तिथे सगळेच बसायचे आणि ती पायरी म्हणजेच रांग होती. आता पाटीवर उभे राहा लिहिलंय, म्हणजे बसला तो बाहेर. मी म्हटलं, तुमच्या जागी मी उभी राहते, बस दिसली की तुम्ही या. तर म्हणाले, ज्याचे पाय त्याची जागा, कुणाची जागा धरणं ही चोरीच. काल सोमवारी पुन्हा तेच झालं. दोन वेळा हुकलं. पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, उशीला टेकून बसून असतात. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा हुकलं तर काय होईल याची जबाबदारी ते घेणार नाहीत. हे त्यांनी मला लाँड्रीच्या दारात येऊन सांगितलं, म्हणजे बघ.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं हे. आणि बोलू कुणाला? तक्रार मी केली, पाइप तू लावलेस. आपलेच दात, आपलेच ओठ. मी थकले रे. काढून टाक ते.

आशीर्वाद आहेतच, आज जास्त लिहवत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. जेवण गेलं नाही.

लावायला दोन सह्या लागल्या, काढायला समिती लागते. एकदा बसवलं की ती खात्याची मालमत्ता. समिती जुलैत बसते. मी साहेबांच्या टेबलाशी तासभर उभा होतो. ते म्हणाले, स्वतःच्या गावच्या थांब्याला स्वतःच पाइप लावायचे आणि स्वतःच काढायचे, लोक काय म्हणतील?

सोबत एक पत्र पाठवतोय, माझ्या सहीशिक्क्याचं. हे दाखवलं की बाबांना सगळ्यांच्या आधी चढू देतील. ताई, काहीही करून त्यांना हे दाखवायला लाव. हात जोडतो.

तुझा,
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईने तुझे शिक्क्याचे पत्र दिले. परत पाठवत आहे. माझ्या बसमध्ये अशी पत्रे दाखवणारे पुष्कळ यायचे. प्रत्येकाचे कारण खरे असायचे. म्हातारी, पोटुशी, आजारी माणसे पत्र न दाखवता मागे उभी असायची. त्यांच्यापुढे मी कुणाला घातले नाही, आता स्वतःला कसे घालू?

तू लावलेले पाइप मजबूत आहेत. त्यांना धरून उभा राहतो. आज बस मिळाली. काळजी करू नये.

बाबा


१४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. आधी माझं मलाच नीट कळू दे म्हटलं.

ते पत्र बाबांनी तुला टाकलं त्यानंतर दहा दिवस त्यांनी पाइप धरून काढले. मी मागे उभी राहायची आणि त्यांच्या गुडघ्यांकडे बघायची. दर वेळी वाटायचं, आज हे वाकणार. एकदाही वाकले नाहीत, पण डायलिसिसनंतर बाबा घरी येऊन नुसते पडून असायचे, भाताचा घास हातात तसाच.

मागच्या शुक्रवारी बाबांचा हात पाइपावरून सुटला. पडले नाहीत, मी धरलं. टकटक आमच्यापुढेच होती. तिनं वळून त्यांचा डावा हात बघितला. बाही वर गेली होती, सुयांच्या खुणा दिसत होत्या. तिनं काही विचारलं नाही. चपला काढून हातात घेतल्या, पाइपाखालून बाहेर आली आणि पायरीवर जाऊन बसली. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, माझे पाय दुखतात, मी आजपासून इथेच बसणार, माझ्यामागे कोण आहे तेवढं सांगा. कंपाउंडर म्हणाला, पाय काय माझेही दुखतात. मग एकेक करत सगळेच बाहेर. तुझ्या पाइपात बाबा आणि मी, दोघंच.

बाबा तिला म्हणाले, माझ्यासाठी हे करू नका. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही उभं राहायचं तर राहा, मी आपली माझ्यासाठी बसलेय. आता यावर त्यांच्याकडे नियम नव्हता. मग जाऊन तिच्या शेजारी टेकले आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं की त्यांचा नंबर तिच्या मागे.

तेव्हापासून पाइप रिकामे. हा आठवडा एकही मशीन हुकलं नाही. पायांची सूज उतरतेय. मीही काल लाँड्रीतून येऊन चक्क तासभर झोपले.

एकदा येऊन जा. बाबा विचारत नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुझीच,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझी सुट्टी, म्हणून तुला उठवलं नाही. गाडी पहाटे पोचली, घरी न येता बॅग घेऊन सरळ थांब्यावर गेलो, आणि बाबांना पोचवून हॉस्पिटलातूनच परत फिरलो. बाबांनी तुला सांगितलं असेल, नसेलही. माझ्याकडून ऐक.

पायरीवर नऊ-दहा माणसं होती. बाबा कडेला, काठीवर हनुवटी टेकून. मी हाक मारली नाही. खरं सांगू? तोंड दाखवायला धजावलो नाही. सरळ जाऊन माझ्याच पाइपात उभा राहिलो, एकटा, माझ्याच पाटीखाली. वाटलं होतं, आपण पहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, तेच तर. नवीन माणसाकडे बघतात तसं. इतका नियमात उभा होतो आणि इतकं ओशाळं मला आयुष्यात वाटलं नाही.

समितीसाठी मी काय काय लिहून ठेवलं होतं, बाबांना काय सांगायचं, माफी कशी मागायची, सगळं रात्रभर गाडीत घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी पाइपाखालून वाकून बाहेर आलो. बॅग अडकली, डोकं आपटलं. एक बाई हसली, पायात चपला नव्हत्या, बाजूला काढून ठेवलेल्या. मी पायरीसमोर गेलो आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

उजव्या हातात काठी होती, म्हणून बाबांनी डावा हात वर केला. तो खाली घेतला नाही, मी शेजारी टेकेपर्यंत.

बस आली, मी त्यांच्यामागून चढलो.

तुझा,
धाकटा