उजव्या पट्ट्यावरचं कुंकू

मंगळवार, दिवेलागण

ऑफिसातून येताना रिक्षातच ठरवून टाकलं, डावा. रंगाऱ्यानं हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे मारून ठेवलेत, डावीकडे मोतिया, उजवीकडे सायीचा. नवी पेठेतल्या दुकानात वेगळे वाटले होते. घरी ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच. ह्यांना विचारलं की एकच उत्तर, "तू म्हणशील तो." पडद्यांच्या वेळीही हेच म्हणाले होते, आणि अजून पाहुण्यांना सांगतात, पडदे हिनं निवडलेत.

दारातून आत आले तर उजव्या पट्ट्यावर हळदकुंकवाची बोटं. सासूबाई कॉटवर शेंगा फोडत बसलेल्या.

"अहो आई, हे नुसतं बघायला मारलंय."

"मला वाटलं काम सुरू झालं. आधी कुंकू नको व्हय लावायला?"

"पण उजव्यालाच का?"

"कॉटवरनं तितंच हात पुरला की गं."

हे आले, बघितलं आणि म्हणाले, "कुंकू लागलंय, आता तोच मारायचा." संपला विषय.

हात पुरला म्हणून उजवा. आठवडाभर मी उगाच डोकं शिणवलं. डावा ठरवला होता, हे बोललेच नाही. भांडायला त्राण नव्हतं म्हणून? का मनातून बरंच वाटलं? बरंच वाटलं बहुतेक. उद्या कुणी नाक मुरडलं तर सांगेन, रंग आईंनी निवडलाय.

पडदे तेवढे माझ्या नावावर राहिले.