नव्वद दिवसांच्या आत

साहेब, परवा तुमच्या धाकट्या मुलाचा फोन आला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता दूध संघातल्या जुन्या माणसांकडून तुमच्या आठवणी लिहून घ्यायच्या आणि घरच्यांसाठी एक छोटं पुस्तक काढायचं, असं त्याच्या मनात आहे. "तुमी तर बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या," म्हणाला, "तुमची दोन पानं तर पायजेतच." तुमच्याविषयी लिहायचं म्हणून बसले आणि बघते तर सरळ तुमच्याशीच बोलायला लागले. आता लागलेच आहे तर बोलून घेते.

मी पहिल्या दिवशी दूध संघाच्या ऑफिसात आले तेव्हा तुमचं तोंड कडू झालं होतं, हे मी विसरलेले नाही. संघाचे जनावरांचे डॉक्टर म्हणून तुम्ही बारामतीच्या केंद्रावर तीन पोरं मागितली होती आणि आली दोन पोरं नि एक मी. वडील मेंढरांमागं फिरलेले, पोरगी कृत्रिम रेतनाचा कोर्स करून आलेली. "बाईमाणसानं गाई भरवायच्या म्हंजे गाव हसंल की," असं तुम्ही माझ्यासमोरच क्लार्कला म्हणालात. मी तेव्हा खाली मान घालून बसले, पण मनातल्या मनात तुम्हाला चार शिव्या दिल्या, त्याही मेंढक्यांच्या. महिन्याभरात मात्र तुम्हीच मला मोपेडला वळूच्या रेताचं, नायट्रोजननं गार ठेवलेलं कंटेनर बांधून कालव्याच्या कडेनं गावोगाव पिटाळायला लागलात. कारण माझा हात बारीक. माळेगावच्या एका गोठ्यात तुम्ही मोठ्यानं सांगितलंत, "हिचा हात आत गेला तर गाय रवंथसुदीक थांबवत न्हाय." माझ्या आयुष्यात कुणी माझ्या हाताचं कौतुक केलेलं ते पहिलंच, आणि मी ते अजून मिरवते.

तुमचा पहिला ओरडाही लख्ख आठवतो. मी एका बाईला दीड महिन्यातच तिची गाय गाभण आहे म्हणून सांगून टाकलं, तिनं आळीभर साखर वाटली, आणि पुढच्या आठवड्यात गाय परत माजावर आली. तुम्ही मला संघाच्या अंगणात, दुधाचे कॅन उतरवणाऱ्या माणसांसमोर उभं केलंत. "नव्वद दिवसांच्या आत तोंड उघडायचं न्हाय. हाताला कळलं तरी जिभेला कळू द्यायचं न्हाय. मालकाला जीव लावायला लावतेस आणि मग गाय उलटली की कोण जबाबदार?" मी रडले नाही, पण संध्याकाळी भाकरी करताना तीन भाकरी करपवल्या.

आणि मग दोन वर्षांनी माझेच दिवस गेले. त्याच वर्षी मला कायम करायचं की नाही ते ठरायचं होतं, कमिटीची मीटिंग महिन्यावर आलेली. माझ्याबरोबरचा एक जण आधीच कायम झाला होता. माझा कागद मागं राहिला होता तो "बघू, लग्न झालंय, पुढं काय करते ती" एवढ्याच शेऱ्यावर. आता मी काय करणार होते ते अगदी स्पष्ट होतं. आमचे हे म्हणाले, "ऑर्डर हातात पडू दे. पेढे आणि रजेचा अर्ज एकदम नेऊ." सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागते, तीन महिने कुणाला बोलू नको. तुमचा नियमही तेच सांगत होता. सगळी दुनिया मला गप्प राहायला सांगत होती आणि मी आनंदानं गप्प होते. रोज दहा गाईंच्या पोटातलं मी मालकांना सांगायचे, माझ्या पोटातलं तेवढं सोडून. गंमत वाटायची. तुम्ही शेजारी बसून चहा प्यायचात, लांबून बघून म्हैस किती महिन्यांची ते सांगायचात, आणि तुम्हाला माझा पत्ता लागत नव्हता.

मग कळस गावातला तो दिवस. मीटिंग तीन दिवसांवर आहे. तात्यांच्या गोठ्यात मोठी जर्सी गाय उभी आहे, सातव्या महिन्यात गाभडलेली, वासरू मेलेलं पडलेलं, वार आत अडकलेली. वासानं गोठ्यात उभं राहवत नाही. तुम्ही जीपमधून उतरता, गाईकडं बघता, माझ्याकडं बघता. "चल, बाही दुमड. तुझाच हात पायजे हितं." तात्या, त्यांचे भाऊ, शेजारचे चार-पाच जण भिंतीला टेकून उभे आहेत. कोर्सला असताना शिकवलं होतं: अशा गाईचा रोग माणसाला लागतो, ताप हटत नाही, आणि पोटुशा बाईनं तर वारेला हात लावूच नये, तिचंही मूल पडू शकतं. ते वाक्य आलं तेव्हा अख्खा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघून हसला होता, कारण वर्गात बाई मी एकटीच. नाही म्हणावं, तर कारण सांगायला हवं. कारण न सांगता नाही म्हणावं, तर कमिटीत कुणीतरी म्हणणारच की बाईला जमलं नाही. बाही मी कोपरापर्यंत दुमडली. आणि हात पुढं करायच्या ऐवजी माझं तोंड उघडलं.

"साहेब, मी गाभण हाय."

गरोदर म्हणायचं होतं. दिवस गेलेत म्हणायचं होतं. पण दोन वर्षं दिवसभर जो शब्द जिभेवर होता तोच आला. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. तुम्ही मात्र पापणी न हलवता, रोजच्या आवाजात विचारलंत, "किती दिवसांची?"

"सत्तर."

"मग नव्वदच्या आत कशाला बोललीस?"

तात्यांची आई आधी हसली. तोंडाला पदर लावून, "अगं बया बया," करत ती खालीच बसली. मग तात्या, मग सगळा गोठा. मीही हसले, साहेब, हसताना डोळ्यांतून पाणी आलं. हसला नाहीत ते तुम्ही. शर्ट काढून तात्यांच्या हातात दिलात, मला म्हणालात, "भाईर जाऊन उभी ऱ्हा, वाऱ्याला," आणि तुमच्या त्या जाडजूड हातानं तासभर झगडून वार काढलीत. नंतर हौदावर हात धुताना माझ्यावर खेकसलात. मी लपवलं म्हणून नाही. "चाळीस वर्सं जनावरं बघतोय, आन् माज्याच हापिसातली मला वळखू आली न्हाय!"

मी विचारलं, कमिटीत सांगणार का. तुम्ही म्हणालात, "मी कशाला? तुला तोंड दिलंय की देवानं, आत्ताच बगितलं आमी."

म्हणून मी गेले. दोन अर्ज घेऊन गेले, एक कायम करण्याचा आणि एक बाळंतपणाच्या रजेचा. सात माणसं बसली होती, तुम्ही टोकाला, पेपरात डोकं घालून. मधले पांढऱ्या टोपीवाले म्हणाले, "बाई, दोनी एकदमच? आधी बाळंतपण उरका, पुढच्या वर्षी बघू." कळसच्या गोठ्यानंतर लाजायचं असं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. मी म्हणाले, "दादा, गाय व्यायल्याशिवाय दूध येतं का? तुमचा सगळा संघ बाळंतपणावर चालतोय. आन् माझ्या एका बाळंतपणाला घाबरता व्हय?" पेपर खाली झाला. तुम्ही हसलात. गोठ्यातलं राहिलेलं हसू तिथं हसलात, टेबल बडवून. टोपीवाल्यांनी दोन्ही अर्जांवर सह्या केल्या. त्या दिवशी मी बारामतीच्या रस्त्यानं मोपेड अशी पळवली की सासूबाईंनी बघितली असती तर चावीच काढून घेतली असती. माझ्यानंतर त्या संघात बायका आल्या, त्यांच्या रजेच्या वेळी कुणी पुढच्या वर्षी बघू म्हणालं नाही. हे मी केलं, साहेब. मी केलं, हे म्हणायला मला आता संकोच वाटत नाही.

तुमच्या मुलाला मी इथपर्यंतचं देईन, नीट शुद्ध करून. पुढचं देणार नाही.

कळसच्या आठ दिवस आधी सांगवीला अशीच एक गाय होती. गाभडलेलीच. तुम्ही नव्हता, मी एकटी होते, हातमोजा फाटलेला होता. मला सगळं माहीत होतं. ऑर्डर समोर दिसत होती, आणि मी उजवा हात घातला. वार काढली, लाल औषधानं चार वेळा हात धुतला, आणि तुमच्या टेबलावर नेहमीसारखा रिपोर्ट ठेवला. कळसला मी बोलले ते धाडसानं नाही, आठ दिवसांच्या भीतीनं बोलले. पुढचे सात महिने अंग जरा कोमट लागलं तरी मी कुणाला न सांगता कपाळाला हात लावून बसायचे, आणि रक्त तपासायला कधी गेले नाही. मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. तुम्ही बघायला आलात, तिची मूठ धरून म्हणालात, "हात आईचा घेतलाय." सगळे खूश झाले. मी तेवढा वेळ माझा उजवा हात चादरीखाली ठेवला होता.