फोरमन कावून हसला?

भिलाई, सेक्टर १०. रविवार, संध्याकाळ.

चार लोकांत बोलायची भीती मोडावी म्हणून काल, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा कारखान्याच्या कार्यक्रमात स्टेजवर चढलो अन् आमच्या फोरमनचीच नक्कल केली. सारे हसले. सर्वात मोठ्यानं तोच हसला. कावून?

आज फोरमन माझ्या घरी येऊन म्हणे, "अगले प्रोग्राम में बडे साहब के सामने करो!"

बायको म्हणाली, "आवडली असंन त्याले."

मले नाही पटत. भट्टीजवळच्या तुटक्या शिडीची तक्रार मी त्याच्याकडे कधीचा करून राहिलो, तो वर जाऊच देत नाही. एकदा जोकर ठरलो, की माझं बोलणं कोण खरं मानंन? म्हणूनच हसला असंन का?

तरी हो म्हटलं. साहेबांसमोर त्या शिडीवर चढणाऱ्या माणसाची नक्कल करीन. मंग पाहू, तो हसते का.