छपराखालच्या आणि बाहेरच्या चौदा पाकिटांबाबत

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वाचारला, पानं वाळवायच्या खोलीत, जिच्या संशोधनासाठी मी पानं मोजतो ती मला म्हणाली, "हा आमचा शोध आहे." तेव्हापासून मी या गावापुरता मयत आहे. तीन वर्षं ती "आपली पानं", "आपले वाफे" म्हणत आली. आपलं म्हणजे तिचं आणि माझं. आमचं म्हणजे तिचं आणि तिचं गणित करणाऱ्या त्या सरासरीवाल्याचं. मी नुसता ऐकणारा.

सबब मी, वय बावीस पूर्ण, वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेला, प्रयोगशाळेत पानं मोजणारा मदतनीस, पूर्ण शुद्धीवर, पोटात दोन कप चहाशिवाय काही नसताना आणि कोणी हात न पिरगळता हे मृत्युपत्र लिहितो. घाबरू नये, मी जीव देणार नाही. संध्याकाळच्या गाडीने कायमचा जातो आहे. मागे राहिलेल्याची वासलात आपणच लावलेली बरी.

१. सायकल माळीमामांना. पाऊस निम्माच पडावा म्हणून आमच्या वाफ्यांवर प्लास्टिकची छपरं आहेत, त्यांच्या पन्हळी मामा साफ करतात. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, पण मामांना कधी घाई नसते.

२. शेगडी आणि दोन पातेली काकूंना. त्यांच्याच जिन्याखालच्या खोलीत मी राहतो. तिसरं पातेलं जळलं, त्याबद्दल त्यांनी मला एकदाच काय ते बोलून घ्यावं.

३. कॉलेजचं ओळखपत्र बाबांना. फोटो बरा आलाय. "पानं मोजायला कॉलेज सोडलंस? अरे, शेळीसुद्धा न मोजता खाते!" असं ते सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले होते. तेव्हा मी ताट सरकवून उठलो. उत्तर आज देतो. बाबा, पातळ रुंद पान भराभर वाढतं, लवकर गळतं, लवकर कुजतं, मातीला खायला मिळतं. जाड लहान पान कंजूष असतं. पाणी कमी पडलं की कंजूष टिकतात आणि उधळे मागे हटतात. मग गळलेली पानं वर्षभर तशीच पडून राहतात, गांडुळं कमी होतात, माती उपाशी राहते, आणि बघता बघता सगळं रानच वेगळं होतं. त्याची सुरुवात पानाच्या जाडीत दिसते. म्हणून मोजायचं.

४. माझा वजनकाटा सरासरीवाल्याला. त्याने जन्मात एक पान हाताने तोललेलं नाही. जगभरच्या तक्त्यांतून तो एका जातीला एकच आकडा चिकटवतो. मी म्हणालो, "छपराखालचं झुडूप आणि बाहेरचं झुडूप एकाच जातीचं असलं, तरी पान सारखं नसतं." तो तिच्याकडे बघत म्हणाला, "एवढ्याशाने काय होतंय रे भाऊ?" ती हसली. त्याच्यासाठी हसली की मला हसली, कळलं नाही. दोन्ही सारखंच झोंबतं. शिवाय तो तिच्या डब्यातलं खातो. मला तीन वर्षांत तिने एकदा "जेवलास का?" एवढंच विचारलं, आणि मी मूर्खासारखा "हो" म्हणालो.

५. आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. शेवटी ती म्हणाली, "मोजूनच बघू." मी मोजायचं, आणि ती दोघं शेजारी शेजारी बसून आकडे भरणार. माझं डोकं फिरलं. जांभळ्या फुलांच्या झुडपाची चौदा पाकिटं होती, सात छपराखालची, सात बाहेरची. मी त्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. उलटे आकडे बघून तिने त्याच्या गणितालाच चूक ठरवावं, त्याला झापावं, एवढाच हेतू. पण आकडे म्हणाले की पाणी कमी पडलं तर पान पातळ होतं, म्हणजे खऱ्याच्या नेमकं उलट. मी झापण्याची वाट बघत उभा. तिने टाळ्या वाजवल्या! "हे कोणालाच सापडलं नव्हतं!" तो खुर्चीवरून उठून नाचला. म्हणजे त्यांचा शोध मीच वाढला, आणि पंगतीत माझंच पान नाही.

सोमवारी ती हे मोठ्या परीक्षकांपुढे मांडणार आहे. ते झुडूप हाताळलेला कोणीही एकच प्रश्न विचारेल आणि तिची तीन वर्षं मातीत जातील. तरी खऱ्या चिठ्ठ्यांची यादी, मी गाडीत बसल्यावर, काकूंनी तिला पोचवावी.

इथे थांबावं लागलं. साक्षीला आलेल्या काकूंनी चष्मा लावून पाचवं कलम वाचलं.

"मेल्यावर कबुली देतोस? आणि मेलेलाही नाहीस!"

"काकू, तिला तोंड कसं दाखवू?"

"मग मी दाखवू? तिने दोन प्रश्न विचारले तर काय पातेलं पुढे करू?"

माळीमामा दारात उभे होते. "पोरा, एकदा चिठ्ठ्या बदलल्यास. आता तुझ्या यादीवर ती विश्वास का ठेवेल? झुडपं अजून उभी आहेत, पुन्हा तोडून दाखव."

"वाळायला दोन दिवस लागतात, मामा."

"आज शनिवार आहे. ऊठ की मग!"

सबब पाचवं कलम रद्द. यादी मी स्वतः देणार. गाडी चुकेल. ती मला हाकलेल, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने करावं. त्याआधी पानं पुन्हा तोलून द्यावी लागतील, बहुधा सरासरीवाल्याच्या शेजारी बसून. पण सोमवारी तिच्यावर कोणी हसलं तर ते मला सोसणार नाही. बाकी कलमं, ती मला हाकलेल तेव्हा लागू होतील.

ठिकाण: जिन्याखालची खोली
वार: शनिवार, दुपारी अडीच
सही: पानं मोजणारा

साक्षीदार १: माळीमामा (पूर्ण सही, अंगठा नव्हे, हे लिहाच, म्हणाले)
साक्षीदार २: घरमालकीण काकू

काकूंची नोंद: मुलाने माझ्यादेखत सही केली. यादी खिशात घातली, चपला अडकवल्या आणि बाहेर पडला. दार आपटेल म्हणून मी कानांवर हात ठेवले होते. त्याने ते नुसतं लावून घेतलं.