‘एक गृहिणी’ कोण, याचा मी लावलेला शोध

८ सप्टेंबर, सोमवार
पोटात गुडगुड. बीपी मोजलं. नॉर्मल आलं, म्हणजे मशीन बिघडलंय.

सूनबाई लायब्ररीत कामाला आहे. तिथे नवं खूळ निघालंय. बायकांचं जुनं लेखन हुडकायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर वाचायचं. बायका ज्यावर गप्प बसल्या ते आता बोलायचं म्हणे. बायका गप्प कधी बसल्या होत्या? कुणी कळवलं असतं तर मी त्या दिवशी रजा काढून घरी थांबलो असतो.

चाळीस वर्षांपूर्वीचं एक बायकांचं मासिक तिने आणलं. आमच्याच प्रेसमध्ये छापलेलं. वर्षाचे बारा अंक, प्रत्येकात ‘एक गृहिणी’ या नावाने एक लेख. लिहिणारी कोण, कुणालाच ठाऊक नाही. बाबा, तुम्ही तिथे कंपोझिटर होतात, तुम्हाला माहीत असेल, असं म्हणाली. असेल काय, आहेच! शनिवारी बाईला सभेत हजर करतो म्हणून शब्द दिला. तासाभरात लायब्ररीच्या बोर्डावर माझ्या नावासकट लागलं.

९ सप्टेंबर, मंगळवार
पहिला लेख भिंगाने वाचला. जुळणी अप्रतिम. अक्षराचा एक खिळा इकडचा तिकडे नाही. माझंच काम. तेव्हा मजकूर वाचला नव्हता. खिळे जुळवणारा अक्षर बघतो, अर्थ बघत नाही. अर्थ बघायला लागला की हात मंदावतो.

मजकुरात दम नाही. बाईचं सात महिन्यांचं मूल पोटातच जातं. हॉस्पिटलमधून एकटीच घरी येते. तिसऱ्या दिवशी नवरा विचारतो, भाजीत मीठ घालायला विसरलीस का? पुढे त्या घरात मुलाचा विषय निघत नाही. संपला लेख. यात छापण्यासारखं काय आहे? घरोघरी होतं. आमच्याकडेही एकदा झालं होतं. आमची ही त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. याला म्हणतात वळण.

११ सप्टेंबर, गुरुवार
शोध जोरात. संपादक बाई वारल्या आहेत. त्यांच्या मुलाने फोन आपटला. मग प्रूफरीडरच्या बायकोकडे गेलो. तीन जिने. धाप लागली, छातीत काहीतरी झालं, गॅस असावा. मूल गेलेली बाई तुम्हीच का, असं सरळ विचारलं. म्हातारी म्हणाली, मला तीन मुलं, तिन्ही धडधाकट. चुकीच्या घरी आलात, बरोबर घरी जा. आणि दार लावलं. वयाने डोकं गेलंय बिचारीचं.

हाताने लिहिलेली मूळ प्रत तुमच्यासमोर असायची, अक्षर नाही ओळखलंत? हे सूनबाईचं म्हणणं. काय ओळखायचं? बायकांची अक्षरं सगळी सारखीच, वाण्याची यादी लिहिल्यासारखी. आमच्या हिचंही तसंच आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
लेख पुन्हा वाचला. नवऱ्याच्या नखांत शाई असते. म्हणजे पोस्टातला कारकून. नमुनाच दिसतो.

ही मटार सोलत होती. तिला म्हटलं, असल्या माणसाला भर सभेत उभं करून जाब विचारला पाहिजे. म्हणाली, विचारावा म्हणता? म्हटलं, विचारायलाच हवा, घाबरायचं कुणाला! बरं, म्हणाली. मटार तसेच टाकून आत गेली आणि उद्याचे कपडे इस्त्री करत बसली. जेवायला उशीर झाला.

१३ सप्टेंबर, शनिवार, दुपारी १
बाई सापडली नाही. हरकत नाही. लेखिका वारली असं जाहीर करणार. दोन मिनिटं शांतता. मग माझं भाषण: ‘रडगाणं आणि साहित्य यांतला फरक’. जुलाब होतायत, पण विचार स्पष्ट आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी
जाहीर केलं. सगळे उभे राहिले. ही एकटीच बसून. डोळ्यांनी खुणावलं, ऊठ, चारचौघांत बरं दिसत नाही. उठली नाही. शांतता संपून सगळे बसले तेव्हा उठली. पाणी प्यायला जात असेल म्हणून मी पाय आखडून वाट दिली. ती माइककडे गेली आणि म्हणाली, मी आहे अजून.

लेख वाचला. कुठे अडखळली नाही. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका पोरीने विचारलं, तुमच्या मिस्टरांनी वाचला होता का हो हा लेख? ही म्हणाली, त्यांनीच तर जुळवला. एकही चूक नव्हती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भाषण खिशातच राहिलं.

घरी आल्यावर विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं की. छापून.

पाणी प्यायलो. बीपी मोजलं नाही. मुलगा होता की मुलगी, हे विचारायचं मनात होतं. तोंडातून निघालं, झालं ना आता सगळं बोलून?

तिने चष्मा पुसला. म्हणाली, अहो, अकरा लेख बाकी आहेत. हा त्यातला सौम्य होता.